आजारी मुलाला ‘तुला काय हवंय?’ असं विचारण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ-दहा मित्रमैत्रिणींचा गट आहे, गंभीर आजारी मुलांच्या आणि पुढे जमलं तर निराधार मुलांच्या इच्छा पूर्ण करायच्या आहेत. मुलं निवडायची कशी, इच्छा शोधायच्या कशा, कुठे चुकायला होतं? आणि शेवटी जरा संकोचून विचारलंय की, त्यापेक्षा हेच पैसे औषधपाण्याला द्यावेत का.

मी या कामात सतरा वर्षं आहे. आधी स्वयंसेवक होते, मग मुलांना भेटून त्यांची इच्छा समजून घेण्याचं काम बरीच वर्षं केलं, आता नव्यांना तेच शिकवते. तुमचे प्रश्न मी तुमच्याच क्रमाने घेणार नाही, कारण सगळे ज्यावर कमी वेळ घालवतात तो भाग मला आधी सांगायचाय. इच्छा पूर्ण करणं त्या मानाने सोपं असतं. माणसं मदतीला धावून येतात, पैसे उभे राहतात. मुलाला खरंच काय हवंय ते कळणं अवघड, आणि तिथे चुकलं की पुढचं सगळं दिमाखात चुकतं.

एक नऊ वर्षांची मुलगी होती. मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आमच्या दोन स्वयंसेवकांना तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘समुद्र बघायचाय.’ फॉर्मवर ‘प्रवास’ या रकान्यात खूण झाली. कुठल्या गावी डायलिसिसची सोय आहे, किती दिवस जाता येईल, याची फोनाफोनी सुरू झाली. नियमाप्रमाणे दुसरी भेट व्हायची होती, त्या भेटीला मी गेले. तिने चित्र काढलं होतं. त्यात समुद्र होता, पण एक नळही होता, एक हंडा होता, आणि कोपऱ्यात एक बाई बादली ओतत होती. मी नळाबद्दल विचारलं. तर तिनेच मला उलट विचारलं, ‘समुद्राचं पाणी खारट असतं ना? गोड पाण्याचा समुद्र नसतो का कुठे?’ मग हळूच म्हणाली, ‘मला एकदा घटाघटा प्यायचंय.’

डायलिसिसवरच्या मुलांना दिवसाला किती पाणी घ्यायचं ते ठरवून दिलेलं असतं. लघवी फार कमी होते किंवा होतच नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. फुप्फुसांत उतरतं, रक्तदाब वाढतो. ही मुलगी दीड वर्षं घोटाघोटाने मोजून पाणी पीत होती. तिच्या डॉक्टरबाईंना आम्ही जरा बिचकतच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तिची वजनं पाहिली (अंगात किती पाणी साठतंय ते वजनावरून कळतं) आणि म्हणाल्या, डायलिसिसचं मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात थोडं जास्त चालेल, ते मशीनच काढून घेईल. किती द्यायचं ते मी सांगेन. दोनशे मिली ठरलं. ग्लास तिने स्वतः निवडला, काचेचा, उंच आणि अरुंद, म्हणजे भरलेला दिसेल. नर्सने पाणी मापून ओतलं. मुलगी एका दमात प्यायली, मग ग्लास उलटा धरून शेवटचा थेंब पडायची वाट बघत बसली.

या इच्छेला खर्च शून्य. देणगीदाराला पाठवण्यासारखा फोटो नाही. आमच्या फॉर्मवर हिच्यासाठी रकानाही नव्हता. पण त्या ग्लासासाठी तिने आठवडाभर आपली वजनं नीट सांभाळली होती, हे तिच्या आईने नंतर सांगितलं. (घरी कुणी हा प्रयोग करू नये. किती आणि केव्हा ते डॉक्टरच ठरवतात, आणि प्रत्येक मुलाचं गणित वेगळं असतं.)

आता ऐकायचं कसं ते. पहिलं उत्तर जवळजवळ कधीच धरायचं नाही. ते बहुतेक वेळा शेजारच्या खाटेवरच्या मुलाला मिळालेलं असतं, नाहीतर आईबाबांना परवडेल असं वाटलेलं, किंवा ‘चांगल्या मुलाने’ द्यावं तसं. वॉर्डात मुलं फार लवकर शहाणी होतात. बाबा फोनवर कुणाकडे उसने मागतायत हे त्यांनी ऐकलेलं असतं. म्हणून दोनच जणांनी जावं. एकाने आईबाबांना कागदपत्रांच्या निमित्ताने बाजूला बसवावं आणि दुसऱ्याने मुलाशी बोलावं. अगदी लहान मुलं आईशिवाय बसत नाहीत, त्यांना आईच्या मांडीवर बसूनच चित्र काढू द्यावं. ‘तुला काय हवंय?’ हा प्रश्न तर सगळ्यात शेवटी. त्याआधी ‘बरं वाटतं तेव्हा काय करतोस’, ‘दवाखान्यात यायच्या आधी कुठे खेळायचास’, ‘एक दिवस तू म्हणशील तसं सगळ्यांनी वागायचं, तर सकाळी उठल्यावर पहिलं काय करशील’ असे प्रश्न. उत्तराला वेळ लागतो. मधली शांतता भरून काढायला आपण पर्याय सुचवायला लागलो की ती इच्छा आपली झाली.

मोठ्या संस्थांत इच्छांचे चार ढोबळ प्रकार करतात: काहीतरी हवं, कुठेतरी जायचं, कुणालातरी भेटायचं, कुणीतरी व्हायचं. पाचवा प्रकार नंतर बऱ्याच ठिकाणी आला, कुणालातरी काही द्यायचं. माझा अनुभव असा की ‘व्हायचं’ हा प्रकार मोठ्यांना कमी सुचतो आणि मुलांना जास्त मानवतो. आजाराने मुलाकडून करण्यासारखं सगळंच काढून घेतलेलं असतं. दिवसभर त्याच्यावर काही ना काही केलं जात असतं. तिथे त्याला स्वतः काही करायला मिळालं की चेहराच बदलतो.

या चळवळीची सुरुवातच तशी झालीय. फिलाडेल्फियातल्या बिल सॅम्पल या पोलिसाने १९७६ मध्ये याच कामासाठी सनशाइन फाउंडेशन काढलं होतं, पण हा विचार जगभर गेला तो १९८० पासून. ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये क्रिस ग्रिशस हा सात वर्षांचा मुलगा ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, आजारी होता, आणि त्याला पोलीस व्हायचं होतं. २९ एप्रिलला राज्याच्या महामार्ग पोलिसांनी त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवलं, मानद अधिकारी म्हणून शपथ दिली, त्याच्या मापाचा गणवेश रातोरात शिवून घेतला. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. क्रिसला मोटरसायकल पथकाचं पंखांचं बोधचिन्ह हवं होतं. ते त्यांनी त्याला नुसतं हातात ठेवलं नाही. शंकू मांडून बॅटरीवरच्या छोट्या मोटरसायकलवर त्याची परीक्षा घेतली, आणि तो पास झाल्यावर ते त्याला मिळालं. ३ मे रोजी तो गेला. त्यातूनच मेक-अ-विश ही आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणारी संस्था उभी राहिली. आजारी मूल म्हणून त्याला कुणी सूट दिली नाही. शंकू मांडणाऱ्याला इच्छा नीट ऐकू आली होती.

आता आपल्या भाषेतली एक अडचण. आजारी माणसाच्या खाटेपाशी ‘इच्छा’ हा शब्द उच्चारला की मराठी कानाला त्याच्याआधी ‘शेवटची’ ऐकू येतं. सुरुवातीच्या काळात मी एका आईला फोन करून सरळ म्हटलं, ‘तुमच्या मुलाची एक इच्छा आम्हाला पूर्ण करायचीय.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने विचारलं, ‘डॉक्टर आमच्यापासून काही लपवतायत का?’ त्या मुलाचा आजार आटोक्यात होता, उपचारांचे चार महिनेच राहिले होते. माझ्या एका वाक्याने त्या घराची रात्रीची झोप गेली. तेव्हापासून पहिला फोन आम्ही करतच नाही. वॉर्डातल्या समाजसेविका किंवा डॉक्टर आधी घरच्यांशी बोलतात. आम्ही ‘इच्छा’ऐवजी ‘आवडीचं काहीतरी’ म्हणतो, आणि पहिल्या दोन वाक्यांतच सांगतो की बरी होणारी मुलंसुद्धा यात असतात.

ही नुसती समजूत नाही. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे, आणि त्याचं कारण आजार वेगळा असतो हे नाही. निदान उशिरा होतं, औषधं मिळत नाहीत, उपचार मध्येच सुटतात. सॅन फ्रान्सिस्कोत १५ नोव्हेंबर २०१३ रोजी पाच वर्षांच्या एका मुलाला दिवसभर बॅटमॅनचा साथीदार होता यावं म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. त्याचे ल्युकेमियाचे उपचार तेव्हा संपलेले होते, आणि पाच वर्षांनी तो कर्करोगमुक्त असल्याची बातमीही आली. म्हणून निवडीचा निकष ‘मरणाच्या दारातलं मूल’ असा ठेवू नका. ‘गंभीर आजार’ ठेवा, आणि तो आहे की नाही हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी ठरवू द्या. तुम्ही ठरवायला गेलात तर ज्याची आई जास्त रडते त्याचा नंबर आधी लागेल. वयाचं बंधन बहुतेक संस्थांत साधारण अडीच-तीन ते अठरा वर्षं असतं, कारण अडीच-तीनच्या आधी मूल स्वतःची इच्छा सांगू शकत नाही. तेही पाळा.

डॉक्टरांची दुसरी लेखी परवानगी इच्छेसाठी. ही वेगळी घ्यायची, तारखेसकट. केमोनंतर (कर्करोगाच्या औषधांनंतर) रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या असतील तर गर्दीत नेणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी असतील तर धक्के देणारे पाळणे नकोत. छातीतून बाहेर आलेली सेंट्रल लाइन, म्हणजे औषधं द्यायची नळी, असेल तर पोहणं नाही. विमान उंचावर असताना आतली हवा साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असावी तशी विरळ असते, त्यामुळे फुप्फुसांचा किंवा सिकलसेलचा (रक्तातल्या तांबड्या पेशींचा) आजार असलेल्या मुलाला ऑक्सिजन लागेल का ते आधी विचारावं लागतं. कुत्र्याचं पिल्लू मागणारी मुलं तर दर महिन्याला भेटतात. पिल्लू ओरबाडतं, चाटतं. पांढऱ्या पेशींचा काऊंट वर येईपर्यंत थांबावं लागतं. आम्ही एका मुलाला तोवर पिल्लाचं नाव ठरवायचं काम दिलं होतं. सात आठवडे तो नावं बदलत होता.

हे वाट बघणंही कामाचं असतं. तारीख ठरली की मूल दिवस मोजायला लागतं, आणि ते दिवस सुयांच्या दिवसांपेक्षा वेगळे असतात. पण वाट किती बघायची याचं भान लागतं. फ्लोरिडात हेन्री लँडवर्थ नावाचे एक हॉटेलमालक होते, नाझींच्या छळछावण्यांमधून वाचलेले. त्यांच्या हॉटेलात राहायला येणारी एक आजारी मुलगी आलीच नाही. प्रवासाची जुळवाजुळव होईपर्यंत तिचा काळ संपला होता. १९८६ मध्ये त्यांनी गिव्ह किड्स द वर्ल्ड ही संस्था काढली, आणि अशा कुटुंबांसाठी आख्खं गावच वसवलं, की पुन्हा कुणाचं राहण्याच्या सोयीवाचून अडू नये.

आमच्याकडेही हे घडलंय. एका किशोराला एका खेळाडूला भेटायचं होतं. खेळाडूच्या माणसांनी तारीख दिली, बदलली, पुन्हा बदलली. आम्ही दरवेळी ‘हो’ म्हणत गेलो, कारण भेट मोठी होती. तिसऱ्या तारखेच्या आठ दिवस आधी तो मुलगा गेला. दोष खेळाडूचा नव्हता, त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. पहिल्या बदलाच्या वेळीच मी त्याच्या डॉक्टरांना ‘आपल्याकडे किती वेळ आहे’ हे विचारायला हवं होतं. तो प्रश्न विचारायला मी घाबरले. आता आमच्या फॉर्मवर तो छापलेलाच आहे, त्यामुळे कुणाला घाबरायची सोय उरली नाही. उत्तर ‘थोडा’ असेल तर फाईल त्याच दिवशी वेगळी काढतो, आणि हवी तीच गोष्ट मिळत नसेल तर तिच्या जवळची गोष्ट दोन दिवसांत करतो. व्हिडिओवरची पाच मिनिटंही चालली असती त्याला.

निराधार मुलांचं काम वेगळं आहे, त्याला आजारी मुलांच्या कामाची साधी नक्कल म्हणून हात घालू नका. संस्थेत वाढणाऱ्या मुलांनी पाहुणे खूप पाहिलेले असतात. ‘काय हवं?’ विचारलं की ‘वह्या’ म्हणायचं, हे त्यांना पाठ असतं. वह्या, चपला, चष्मा या गरजा आहेत. त्या हव्यातच, पण दुसऱ्या खात्यातून आणि न विचारता. गरजेला इच्छेचा कागद गुंडाळून दिलं तर मुलाची इच्छाही गेली आणि गरजही उपकार होऊन बसली. एका बारा वर्षांच्या मुलाने तीन भेटींत ‘वह्या, वह्या, वह्या’ असंच सांगितलं. चौथ्या भेटीत म्हणाला, कुलूप असलेली पेटी. आत काय ठेवणार? ‘ते नाही सांगणार. पण किल्ली माझ्याकडेच राहील ना?’ जिथे सायकल सगळ्यांची, कपडे सगळ्यांचे, वाढदिवसही महिन्यातून एकदा सगळ्यांचा मिळून, तिथे त्याने बरोबर तेच मागितलं जे कुणाला वाटून घेता येणार नाही. संस्थेच्या अधीक्षकांना राजी करायला दोन बैठका लागल्या. मग आणखी एक घोळ आमच्या लक्षात आला: एकालाच पेटी कशी द्यायची? शेवटी त्या खोलीतल्या अकरा मुलांना अकरा पेट्या दिल्या, आणि त्याची पेटी त्याने आधी निवडली. आजारी मुलाच्या घरीही हाच प्रश्न भावंडांच्या रूपाने असतो. महिनोन्महिने आईबाबा दवाखान्यात, आणि धाकटी आजीकडे. बेत आखताना तिलाही काहीतरी खरं काम द्या, नुसती सोबत म्हणून नेऊ नका.

गाजावाजा करून आवाहन करण्याचा मोह होईल. ब्रिटनमधल्या क्रेग शेरगोल्डची गोष्ट लक्षात ठेवा. मेंदूत गाठ असलेल्या या मुलाला सर्वाधिक शुभेच्छापत्रं मिळवण्याचा विक्रम करायचा होता. १९८९ मध्ये आवाहन झालं, विक्रम झाला, १९९१ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया होऊन तो बराही झाला. पत्रं मात्र थांबेनात. साखळीपत्रांत त्याचं नाव बदलत गेलं, वय बदलत गेलं, आणि वर्षानुवर्षं गोण्या भरभरून टपाल येत राहिलं. ज्या मेक-अ-विशचा त्या पत्रांशी संबंध नव्हता तिलाही पुन्हा पुन्हा खुलासे करावे लागले. मुलाचं नाव, फोटो आणि ‘पुढे पाठवा’ हे तिन्ही एकत्र असलेला संदेश तुमच्या गटातून कधीही निघता कामा नये.

फोटोंचंही तेच. आईबाबांची सही ही मुलाची संमती नव्हे. सात वर्षांचं मूल ‘नको’ म्हणालं तर नको. एका देणगीदार कंपनीचा हट्ट होता की मुलाने त्यांच्या नावाचा फलक हातात धरावा. मुलाने मान खाली घातली, तरी आम्ही फोटो काढू दिला. तो आजही कुठेतरी असेल, आणि तो मुलगा आता कॉलेजात आहे. तेव्हापासून देणगीदारांना आधीच सांगतो की मुलाचा चेहरा मिळणार नाही. हवं तर त्याने काढलेलं चित्र मिळेल, तेही त्याने दिलं तर. काही देणगीदार जातात. जाऊ द्या.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. संकोच कशाला, हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. एका इच्छेच्या खर्चात मलेरिया रोखणाऱ्या किती मच्छरदाण्या येतात, हा हिशेब या संस्थांपुढे अनेकदा मांडला गेलाय, आणि तो हिशेब चुकीचा नाही. इच्छापूर्ती हा जीव वाचवण्याचा स्वस्त मार्ग आहे असा दावा मी कधीही करणार नाही. उपयोग आहे का, याचा थोडा अभ्यास झालाय. इस्राएलमध्ये मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाची इच्छा आधी पूर्ण केली, दुसऱ्याला थांबायला लावलं. पहिल्या गटात आशा वाढलेली आणि मनाचा त्रास कमी झालेला दिसला. पण मुलं सत्तरच्याही आत होती. अमेरिकेत ओहायोतल्या एका बालरुग्णालयाने इच्छा पूर्ण झालेल्या ४९६ मुलांच्या नोंदी तितक्याच इतर मुलांशी ताडून पाहिल्या. इच्छा पूर्ण झालेल्यांच्या अचानक दाखल होण्याच्या आणि तातडीच्या विभागातल्या फेऱ्या कमी होण्याची शक्यता जास्त दिसली. हा मागे वळून केलेला अभ्यास आहे. ज्या घरांना इच्छापूर्तीपर्यंत पोहोचता येतं ती घरं मुळात जरा सावरलेली असू शकतात. त्यामुळे ‘इच्छेने आजार बरा होतो’ असं तुमच्या पत्रकावर छापू नका.

व्यवहारात मी एक नियम पाळते. पैशांवाचून एखाद्या मुलाचे उपचार थांबले असतील तर इच्छेची फाईल बाजूला ठेवते आणि आधी समाजसेविकेकडे जाते. औषधांसाठी निधी देणाऱ्या संस्था कुठल्या, हे त्यांना ठाऊक असतं. उपचार सुरळीत सुरू झाले की फाईल पुन्हा काढते. ज्याच्या औषधाचा डोस चुकलाय त्याला सहलीला नेणं मला जमत नाही.

नोंदणी, हिशेब, स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणं हे सगळं करावं लागतंच, त्यासाठी एखादा सनदी लेखापाल आणि एखादा वकील गटात ओढा. मुलांसोबत एकट्या स्वयंसेवकाला बंद खोलीत कधीही सोडू नका, अगदी तुमचा जिवलग मित्र असला तरी. पहिल्या वर्षी पाच-सहा मुलांच्या पुढे जाऊ नका.

पहिल्या भेटीला दोघांनीच जा. कॅमेरा घरी ठेवा, खेळणी नेऊ नका, कोरे कागद आणि रंगपेटी न्या. निघण्याआधी पेटी उघडून काळा खडू आहे ना ते बघून घ्या. मुलं कडा काळ्याने काढतात, म्हणून तो आधी संपतो.